आकाशांतील एकेरी वाट

अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हें जंक्शन लागतें. मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग येथून जातो. आणि इंग्रजी अमदानींत वऱ्हाडच्या कापसासाठीं घातलेला अरुंद रुळांचा फांटा येथूनच एका अंगास यवतमाळकडे व दुसऱ्या अंगास अचलपूरकडे फुटतो. ‘शकुंतला’ या लाडक्या नांवाची गाडी या फांट्यावरून कित्येक वर्षें सावकाश धावत असे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून आपल्या देशांतील रेल्वेनें पुष्कळ ठिकाणीं जी तजवीज केली होती, ती जुन्या पिढींतील वाचकांस आठवत असेल. लागोपाठच्या दोन स्टेशनांवर दोन यंत्रें असत व तीं तारेनें एकमेकांस जोडलेलीं असत. या जोडयंत्रांतून एका वेळीं एकच गोळा बाहेर निघूं शके. तो गोळा कातडी पिशवींत घालून, पिशवी मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातीं दिली जाई. ती मिळाल्यावांचून गाडी पुढें सरकत नसे. तो पुढच्या स्टेशनावरील यंत्रांत जाऊन पडेपर्यंत दुसरा गोळा निघणें शक्य नसे. गोळा ज्याच्या हातीं, वाट त्याची. या योजनेंत ड्रायव्हरची दृष्टि तीक्ष्ण आहे कीं मंद, बाहेर धुकें आहे कीं ऊन, यावर फारसें कांहीं अवलंबून राहत नव्हतें. आणि तेंच तिचें मर्म होतें.

आकाशांत रूळ नाहींत आणि गोळाही नाहीं. आकाश एवढें अफाट कीं दोन विमानें तेथें एकमेकांवर आदळावींत हें संभवतच नाहीं, असें सामान्य माणसास वाटतें. परंतु विमानें कांहीं आकाशभर सारखीं पसरून उडत नाहींत. तीं सर्व त्याच थोड्या धावपट्ट्यांकडे येतात व तेथूनच उठतात. शेत केवढेंही मोठें असो, विहिरीकडे जाणारी पायवाट एकच असते आणि घागरी फुटायच्या त्या तेथेंच फुटतात. विमानविद्येच्या शंभर-सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत दोन विमानांच्या टकरी कोठें झाल्या हें पाहूं गेल्यास याच गोष्टीचा पडताळा येतो.

हा विषय आज वऱ्हाडच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटण्याचें कारण अगदीं जवळचें आहे. १६ एप्रिल १९२५ रोजीं नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १६ एप्रिल २०२५ रोजीं, अमरावतीजवळील बेलोरा येथें मुंबईहून पहिलें नियमित उतारू विमान उतरलें. बेलोऱ्याचा तळ १९९२ सालचा. त्याची धावपट्टी वाढवून १,८५० मीटर लांब करण्यांत आली, तेव्हां कुठें अलायन्स एअर कंपनीचें सुमारें सत्तर आसनांचें ए.टी.आर. जातीचें विमान तेथें येऊं शकलें. त्याच्या आधींच्या वर्षीं, २०२४ सालीं, दुसरी एक घोषणा झाली होती. एअर इंडिया याच तळावर वैमानिकांची शाळा काढणार, तींतून दरसाल १८० वैमानिक तयार होणार, आणि त्यासाठीं चौतीस लहान विमानें, एकतीस एका इंजिनाचीं व तीन दोन इंजिनांचीं, आणलीं जाणार. या दोन्ही गोष्टींचा आम्हांसही अभिमान वाटतो. परंतु दोन्ही एकत्र घेतल्या म्हणजे एक प्रश्न आपोआप उभा राहतो. एकाच धावपट्टीकडे एका बाजूनें सत्तर उतारूंचें मोठें विमान येत आहे, आणि तिच्याच भोंवतीं अठरा-वीस वर्षांचीं मुलें आपलीं पहिलीं एकट्याचीं उड्डाणें करीत आहेत. या दोघांनीं एकमेकांस कसें चुकवावयाचें?

‘रडार पाहून घेईल’ असें उत्तर कोणी देईल. तें कितपत पुरें पडेल हें पुढें पाहूं. तत्पूर्वीं रडार नव्हतें तेव्हां माणसांनीं काय केलें, हें पाहणें अधिक बोधप्रद होईल.

७ एप्रिल १९२२ रोजीं उत्तर फ्रान्समध्यें ब्यूव्हे या गांवाच्या परिसरांत उतारू विमानांची पहिली टक्कर झाली. एक इंग्रज विमान टपाल घेऊन लंडनजवळच्या क्रॉयडनहून पॅरिसकडे जात होतें. दुसरें फ्रेंच विमान तीन उतारूंसह पॅरिसहून क्रॉयडनकडे येत होतें. हवा धुकट होती, म्हणून दोघेही खालीं उतरून सुमारें दीडशें मीटर उंचीवरून उडत होते. त्या काळीं वाट ओळखण्याचें साधन म्हणजे जमिनीवरील सडक. दोघांनींही एकच सडक धरली होती. एक जात होता, एक येत होता. धुक्यांतून एकमेकांस दिसले तेव्हां वेळ निघून गेली होती. दोन्ही विमानांतील मिळून सातही जण मरण पावले. यानंतर क्रॉयडन येथें कंपन्या व वैमानिक यांची बैठक भरली व प्रत्येकानें आपल्या उजव्या बाजूनें जावें, ठरलेल्या मार्गांवरून जावें, विमानांत बिनतारी यंत्र असावें, अशा गोष्टींचा विचार झाला. सडकेवरील बैलगाडीचा नियम आकाशांत नेण्याचा हा प्रयत्न होता. तो बाळबोध होता खरा. पण त्यांत पहिल्यानेंच एक गोष्ट मान्य केली गेली. आकाशांतही वाटा असतात, आणि वाट आहे तेथें शिस्त पाहिजे.

आपल्या देशांत १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणलें, तेव्हां समोरून दुसरें कोणी येण्याची भीति जवळजवळ नव्हतीच. सारी वाट एकट्याचीच होती. पण सतरा वर्षांत परिस्थिति किती बदलली याचें उत्तम उदाहरण आमच्या विदर्भांतच सांपडतें. १९४९ सालीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून चार विमानें संध्याकाळनंतर निघत व मध्यरात्रींच्या सुमारास चारही नागपुरास येत. तेथें टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गांवीं परत जाई. चार दिशांहून चार विमानें, रात्रीच्या काळोखांत, थोड्या वेळाच्या अंतरानें, एकाच धावपट्टीवर! चांगल्या चाललेल्या कामाचा गवगवा होत नाहीं, म्हणून आज ही गोष्ट फारशी कोणास आठवत नाहीं.

अशा वेळीं विमानें एकमेकांपासून दूर ठेवण्याची रीति कोणती? ती थोडक्यांत अशी. प्रत्येक वैमानिकानें ठरलेल्या ठिकाणांवरून जातांना ‘मी अमुक ठिकाणीं, अमुक उंचीवर आहें, पुढील ठिकाणीं अमुक वाजतां पोंचेन’ असें बिनतारी यंत्रावर सांगावें. जमिनीवरील नियंत्रकानें तें कागदाच्या पट्टीवर टिपून घ्यावें. दोघांची वेळ जवळ येत असल्यास त्यांच्या उंचींत निदान हजार फुटांचें अंतर ठेवावें, आणि खालच्याची उंची मोकळी झाल्याचें कळल्यावांचून वरच्यास खालीं उतरूं देऊं नये. पूर्वेकडे जाणारांनीं विषम हजार फुटांवर व पश्चिमेकडे जाणारांनीं सम हजार फुटांवर उडावें, हा नियमही याच कुळांतला. यांत नियंत्रकास विमान दिसत नाहीं. त्याच्यापुढें असतात फक्त पट्ट्या व आंकडे. तरीही ही पद्धति पिढ्यान् पिढ्या चालली आहे, आणि जेथें रडार पोंचत नाहीं तेथें जगभर आजही तीच चालते. कारण तिचा पाया मूर्तिजापूरच्या गोळ्याचाच आहे: अमुक वेळेपुरता आकाशाचा अमुक तुकडा एकाचा, दुसऱ्याचा नव्हे. भेद एवढाच कीं येथें गोळा धातूचा नसून शब्दाचा आहे. सांगणारानें खरें सांगितलें पाहिजे, ऐकणारानें नीट ऐकलें पाहिजे, दोघांचें उंचीमापक यंत्र एकाच दाबास लावलेलें पाहिजे. शब्द हातांतून निसटला कीं गोळा हरवला.

ही पद्धति जेथें लागू नाहीं तेथें काय करावयाचें? तेथें जुना नियम असा, कीं ज्यानें त्यानें डोळे उघडे ठेवावे व दुसरा दिसतांच त्यास चुकवावें. ऐकावयास हें इतकें शहाणपणाचें वाटतें कीं त्याविरुद्ध बोलण्यास जीभ धजत नाहीं. पण इतिहासाची साक्ष त्याविरुद्ध आहे. ३० जून १९५६ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजल्सहून तीन मिनिटांच्या अंतरानें निघालेलीं दोन मोठीं उतारू विमानें ग्रँड कॅन्यन या विशाल दरीवर एकवीस हजार फूट उंचीवर एकमेकांवर आदळलीं. दिवसाची वेळ होती. त्यांतील एकानें ती उंची मागितली असतां प्रथम नाकारली गेली होती. मग त्यानें ढगांच्या माथ्यावरून हजार फूट वर उडण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. या परवानगीचा अर्थ असा होता कीं आतां दुसऱ्यास चुकविण्याची जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवर आली. दोन्ही विमानांतील मिळून १२८ माणसें मेलीं. देशभर हलकल्लोळ उडाला, आणि १९५८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा करून सारें आकाश एका मध्यवर्ती खात्याच्या हातीं दिलें.

डोळा असा कां फसतो, हें समजून घेण्यासारखें आहे. आपण रस्त्यानें जात असतां बाजूनें येणारी गाडी आपणांस दिसते, ती मुख्यतः ती हलत असते म्हणून. परंतु दोन विमानें सरळ एका बिंदूकडे सारख्या गतीनें जात असलीं म्हणजे प्रत्येकास दुसरें विमान कांचेवर एकाच ठिकाणीं स्थिर दिसतें. जें हलतें तें आपल्यास लागणार नसतें. जें लागणार असतें तें हलत नाहीं. कांचेवरील डागासारखें तें बारीक राहतें व अगदीं शेवटच्या कांहीं सेकंदांत एकदम मोठें होतें. बेलोऱ्याचेंच उदाहरण घ्या. उतरूं लागलेलें ए.टी.आर. विमान ताशीं ३७० किलोमीटर वेगानें येत आहे व समोरून शिकाऊ वैमानिकाचें लहान विमान ताशीं १८५ किलोमीटर वेगानें येत आहे असें समजा. दोघांमधील अंतर दर सेकंदास सुमारें दीडशें मीटरनें तुटेल. वस्तु दिसणें, ती विमान आहे हें उमगणें, ती आपल्यावरच येत आहे हें कळणें, निश्चय करणें, हात हलणें व विमान वळणें, या सर्वांस मिळून सुमारें साडेबारा सेकंद लागतात असें अमेरिकन विमानखात्यानें मानलें आहे. साडेबारा सेकंदांत हीं दोन विमानें जवळजवळ दोन किलोमीटर अंतर तोडतील. म्हणजे तें लहान विमान दोन किलोमीटरवर असतांनाच दिसलें पाहिजे. तेवढ्या अंतरावर त्याचे पंख हात लांब करून धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे रुंद दिसतील, आणि धड तर मोहरीच्या दाण्याहूनही लहान. खालीं वऱ्हाडचीं काळीं-हिरवीं शेतें, गांवांचीं पांढरीं घरें, उन्हाळ्यांतील धुळीचा पडदा. आणि या साऱ्यांत ती मोहरी शोधावयाची, तीही उतरण्याच्या गडबडींत! ऑस्ट्रेलियांत १९९१ सालीं या विषयाचा कसून अभ्यास करून एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा होता कीं केवळ दृष्टीवर विसंबणें धोक्याचें आहे. मात्र कोणीतरी आधीं ‘अमुक दिशेस एक विमान आहे’ असें सांगून ठेवलें असेल तर तें सांपडण्याची शक्यता सुमारें आठपट वाढते, असेंही त्या संशोधनांत दिसून आलें. डोळा अगदींच निरुपयोगी नाहीं. पण त्याला कानाची सोबत पाहिजे.

ती सोबतही पुरी पडेलच असें नाहीं. २५ सप्टेंबर १९७८ रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरावर एक मोठें बोइंग विमान व एक लहान सेसना विमान यांची टक्कर होऊन १४४ माणसें मेलीं. तेथें रडार होतें. नियंत्रकानें बोइंगच्या वैमानिकांस सेसनाविषयीं सांगितलें होतें, त्यांना तें दिसलेंही होतें. मग तें दृष्टीआड झालें, आणि तें मागें पडलें असावें अशी त्यांनीं आपली समजूत करून घेतली. १९८६ च्या ऑगस्टमध्यें लॉस एंजल्सजवळ सेरिटोस येथें मेक्सिकोचें उतारू विमान व एक लहान पायपर विमान यांची टक्कर झाली, तींत ८२ माणसें गेलीं. पायपर वाट चुकून मनाई असलेल्या क्षेत्रांत शिरलें होतें, व आपली उंची आपोआप कळविण्याचें साधन त्यांत नव्हतें. म्हणजे रडारचा पडदा आहे, त्यावर ठिपकाही आहे. पण तो ठिपका किती उंचीवर आहे हें कळत नाहीं. अशा ठिपक्याचें मोल अर्धेंच.

या अपघातांनंतर अमेरिकेनें १९८७ सालीं कायदा करून मोठ्या उतारू विमानांत टक्कर टाळण्याचें स्वतंत्र यंत्र बसविण्याची सक्ति केली, व १९९३ अखेर ती अंमलांत आली. या यंत्राची मूळ कल्पना जॉन मॉरेल या शास्त्रज्ञानें १९५५ च्या सुमारास मांडली होती. त्याचें म्हणणें असें, कीं दुसरें विमान किती दूर आहे हें महत्त्वाचें नाहीं. अंतर तुटत आहे त्या वेगानें गांठ पडण्यास किती सेकंद उरले आहेत, हें महत्त्वाचें. यंत्र आसपासच्या विमानांस बिनतारी हांक मारतें, त्यांतील उत्तर देणारें साधन आपली उंची कळवितें, आणि सेकंद कमी उरल्यास यंत्र वैमानिकास ‘चढ’ किंवा ‘उतर’ असें बजावतें. दोन्ही विमानांत तें असल्यास दोन यंत्रें आपसांत ठरवून एकास वर व दुसऱ्यास खालीं पाठवितात. यास जमिनीवरील रडार लागत नाहीं, हा मोठा गुण. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. हांकेस उत्तर देणारें साधन, म्हणजे ट्रान्सपाँडर, ज्या विमानांत नाहीं किंवा बंद आहे, तें या यंत्राच्या लेखीं अस्तित्वांतच नाहीं. मुका माणूस अंधारांत उभा असावा, तशी त्याची अवस्था.

आपल्या देशास हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळीं हरियाणांतील चरखी दादरी या गांवावर सौदी अरेबियाचें दिल्लीहून निघालेलें विमान व दिल्लीकडे येणारें कझाकस्तानचें विमान एकमेकांवर आदळून ३४९ माणसें मेलीं. एकही वांचला नाहीं. आकाशाचा बराच भाग हवाईदलासाठीं राखलेला असल्यामुळें जाणारांस व येणारांस वाट एकच होती. चढणारास चौदा हजार फुटांवर थांबण्यास सांगितलें होतें, व उतरणारास पंधरा हजारांवर. उतरणारें विमान पंधरा हजारांच्या खालीं आलें. दिल्लीच्या रडारावर दोन्ही ठिपके दिसत होते, पण उंची दिसत नव्हती. ती वैमानिकाच्या शब्दावरच घ्यावयाची होती. न्यायमूर्ति लाहोटी यांनीं चौकशी केली. त्यानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि टक्कर टाळण्याचें यंत्र आपल्या देशांत सक्तीचें झालें. ब्यूव्हेची एकच सडक आणि दिल्लीची एकच वाट यांच्यामध्यें चौऱ्याहत्तर वर्षांचें अंतर आहे, चूक तीच.

या भयंकर घटनेनंतर सातच दिवसांनीं, १९ नोव्हेंबर १९९६ रोजीं, अमेरिकेंतील क्विन्सी या लहानशा शहरीं जें घडलें त्याची बातमी आपल्याकडे फारशी कोणी वाचली नसेल. परंतु बेलोऱ्यासारख्या ठिकाणीं मननास योग्य अशी दुसरी घटना आम्हांस ठाऊक नाहीं. क्विन्सीच्या तळावर नियंत्रकाचा मनोरा नव्हता. एकमेकांस छेदणाऱ्या धावपट्ट्या होत्या, आणि एका ठरलेल्या लहरीवर प्रत्येकानें आपला बेत बोलून दाखवावा असा रिवाज होता. संध्याकाळची वेळ, हवा स्वच्छ. एक लहान उतारू विमान दहा उतारू घेऊन उतरण्यास येत होतें. दुसऱ्या धावपट्टीच्या टोकावर किंग एअर जातीचें एक विमान उड्डाणासाठीं उभें होतें, व त्याच्या मागें चेरोकी जातीचें एक छोटें विमान होतें. उतरणाऱ्या वैमानिकांनीं विचारलें, ‘धावपट्टीच्या टोकावरील विमान निघणार आहे कीं थांबणार आहे?’ किंग एअर गप्प राहिलें. मागच्या चेरोकीच्या वैमानिकानें मात्र आपण थांबलों असल्याचें सांगितलें. त्याच क्षणीं उतरणाऱ्या विमानांतील उंची सांगणारें यंत्र बोललें, व त्या बोलण्यांत उत्तराचा कांहीं भाग बुडाला. उत्तर किंग एअरकडूनच आलें असा वैमानिकांचा समज झाला. ते उतरले. किंग एअर सुटलें. धावपट्ट्या जेथें मिळतात तेथें दोघांची गांठ पडली. उतारू विमानांतील माणसें आघातानें मेलीं नव्हतीं. पण दार उघडेना आणि आग पसरली. दोन्ही विमानांतील सर्व चौदा जण मेले. चौकशींत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर आला: त्यांनीं लहरीवर नीट कान दिला नाहीं व आजूबाजूस नीट पाहिलें नाहीं.

येथें कोणी खोटें बोललें नाहीं, कोणी उद्दामपणा केला नाहीं. प्रश्न योग्य होता, उत्तर खरें होतें. फक्त उत्तर देणारा निराळा होता. मूर्तिजापूरच्या भाषेंत सांगावयाचें तर गोळा दिला गेला, पण भलत्याच्या हातीं.

आतां रडारकडे वळूं. बेलोऱ्यास सर्वांत जवळचें मोठें विमानकेंद्र म्हणजे नागपूर. दोहोंमधील सरळ अंतर सुमारें १४० किलोमीटर. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी तर वाटोळी. त्यामुळें लांब अंतरावर जमिनीलगतचें विमान क्षितिजाखालीं दडतें. साधें गणित करून पाहिलें तर असें निघतें, कीं नागपूरच्या जमिनीवरून टाकलेली लहर बेलोऱ्यावर सुमारें १,२०० मीटर, म्हणजे चार हजार फूट, उंचीवरून जाते. त्याच्या खालचें कांहीं तिला दिसत नाहीं. अकोल्याजवळील शिवणी हें नागपूरपासून सुमारें २१० किलोमीटर. तेथें हीच रेषा सुमारें २,६०० मीटरवर जाते. अँटेना उंचावर असली तर हे आंकडे थोडे उतरतील, मध्यें टेकड्या असल्या तर चढतील. पण तत्त्व बदलणार नाहीं. आणि विमानशाळेंतील मुलें धावपट्टीभोंवतीं फेऱ्या मारतात त्या साधारण हजार फुटांवर! म्हणजे जेथें मोठें व लहान विमान एकमेकांच्या जवळ येण्याचा खरा संभव, नेमक्या त्याच थरांत दूरच्या रडारचा डोळा मिटलेला असतो. ढगांवरील आकाशाचा पहारेकरी अंगणांतील मुलांवर लक्ष ठेवूं शकत नाहीं.

शिवणीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. अकोल्याचा हा तळ १९४३ सालचा, महायुद्धाच्या धामधुमींत बांधलेला. म्हणजे बेलोऱ्याहून जवळजवळ पन्नास वर्षांनीं वडील. त्याची धावपट्टी वाढवावी व अकोल्यासही विमानसेवा असावी ही तेथील नागरिकांची मागणी जुनी आहे. ती मान्य झाल्यास आम्हांस आनंदच होईल. परंतु शिवणी व बेलोरा यांतील सरळ अंतर सत्तर किलोमीटर, ए.टी.आर. विमानास बारा मिनिटें, शाळेच्या विमानास तेवीस. दोन्ही तळ गजबजले म्हणजे त्यांचीं आकाशें वेगळीं राहणार नाहींत. अकोला व अमरावती यांच्यांतील चढाओढ जमिनीवर कितीही चालो, आकाशांत दोघांनीं एकाच घरांतल्याप्रमाणें वागावें लागेल.

यावर करावयाचें काय? इतिहासानें दिलेलीं उत्तरें मोजकीं व स्पष्ट आहेत. शाळेच्या प्रत्येक विमानांत उंची कळविणारें ट्रान्सपाँडर असावें व तें उड्डाणभर चालू असावें, म्हणजे मोठ्या विमानांतील यंत्राच्या हांकेस तें उत्तर देईल. सरावाचीं क्षेत्रें जमिनीवरील ठळक खुणांनीं, म्हणजे लोहमार्ग, मोठा रस्ता, तलाव, टेकडी यांनीं बांधून द्यावींत, आणि मोठ्या विमानाची येण्याची वाट त्यांच्या बाहेरून काढावी. तें येण्याच्या वेळीं फेऱ्या मारणारांस खालीं उतरवावें किंवा ठरलेल्या जागीं, ठरलेल्या उंचीवर थांबवावें. त्यांत शाळेचीं थोडीं मिनिटें जातील. गेलीं तर जावोत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मुलांस उड्डाणाच्या आधीं बोलणें शिकवावें: आपण कोण, कोठें, किती उंचीवर, काय करणार, हें ठराविक शब्दांत, सावकाश, दुसऱ्याच्या बोलण्यावर न बोलतां. उत्तर आलें तें कोणाकडून आलें, याची खातरी होईपर्यंत तें मिळालें असें समजूं नये. क्विन्सीस चौदा माणसें याच एका वाक्याच्या अभावीं मेलीं.

वाचकांनीं भिऊन जावें असा आमचा हेतु नाहीं. जगांत शेंकडों तळांवर मोठीं व शिकाऊ विमानें रोज एकत्र उडतात व सुखरूप उतरतात. त्यामागें शिस्तीची अखंड, अबोल मेहनत असते. आमचें सांगणें एवढेंच आहे कीं या शिस्तींतील जवळजवळ प्रत्येक नियमामागें एखादें स्मशान आहे. उजव्या बाजूनें जाण्याच्या नियमामागें सात माणसें आहेत, एकछत्री नियंत्रणामागें एकशें अठ्ठावीस, उंची कळविणाऱ्या साधनामागें ब्याऐंशीं, वेगळ्या वाटांमागें तीनशें एकोणपन्नास. प्रत्येक वेळीं अपघात आधीं झाला व नियम मागाहून आला. वऱ्हाडचें भाग्य असें कीं आपण या शाळेंत उशिरां आलों. धडे दुसऱ्यांनीं आपल्या रक्तानें लिहून ठेवले आहेत, आपणांस फक्त ते वाचावयाचे आहेत. त्यांत आपली स्वतःची एक ओळ घालण्याची पाळी येऊं नये.

अमरावतीहून उठून पश्चिमेस जाणारें विमान थोड्याच मिनिटांत मूर्तिजापूरच्या आसपास येतें. खिडकींतून खालीं पाहिल्यास मोठ्या लोहमार्गापासून फुटलेली ती बारीक रेघ कदाचित् दिसेल. त्या रेघेवरून धावणारी गाडी फार हळू चाले, आणि तिची चेष्टाही पुष्कळ झाली. परंतु एकेरी वाटेवर दुसऱ्याची वाट मोकळी झाल्यावांचून आपण निघावयाचें नाहीं, हें शहाणपण रुळांनीं आपल्या आजोबा-पणजोबांस शिकविलें होतें. नातवंडांनीं पंख लावले म्हणून तें जुनें झालें असें मात्र त्यांनीं समजूं नये.